अंगावर काढलेले दुखणे

१९७० ते ७५ या काळात भारतात जन्मलेल्या मुलीचे सरासरी आयुर्मान ४९ वर्षे होते आणि मुलाचे साडेपन्नास. २०१६ ते २० या काळात मुलीचे आयुर्मान ७१.४ आणि मुलाचे ६८.६ वर्षांवर गेले. साधारण पंचेचाळीस वर्षांत स्त्रियांनी पुरुषांना गाठले आणि मागेही टाकले. याच काळात देशाचे दरडोई उत्पन्न कित्येक पटींनी वाढले. ‘पैसा आला आणि बायका जगू लागल्या’ असा सरळ हिशेब मांडण्याचा मोह त्यामुळे होतो. तो हिशेब निम्माच खरा आहे.

जीवशास्त्राच्या बाजूने पाहिले तर स्त्रीचा जीव मुळातच चिवट. गर्भात, बाळंतपणाच्या वेळी आणि पहिल्या महिन्यात मुलगे मुलींपेक्षा अधिक संख्येने दगावतात. दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्माला येतात आणि वय वाढत जाते तशी ही आघाडी विरत जाते. पाळी जाईपर्यंत स्त्रीला हृदयविकारापासून संप्रेरकांचे थोडेफार संरक्षण असते. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक देशात बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात. जगाच्या सरासरीत हे अंतर पाच वर्षांच्या आसपास आहे. म्हणजे १९७०च्या दशकातल्या भारतीय स्त्रियांची दीड वर्षाची पिछाडी कागदावर दिसते त्याहून बरीच मोठी होती. निसर्गाने दिलेली आघाडी तर गेलीच, वर मुद्दलातही तूट आली.

ही तूट का पडते, याची छाननी लोकसंख्याशास्त्रज्ञ प्रवीण विसारिया यांनी १९६१च्या जनगणनेसाठी केलेल्या अभ्यासात केली. बायकांची मोजणीच नीट होत नाही, आपल्याकडे मुलगे मुळातच जास्त जन्मतात, अशी कारणे तोवर सांगितली जात. विसारियांनी ती एकेक तपासून बाजूला ठेवली. उरले ते मृत्यूदराचे कारण: बायका जास्त मरत होत्या. १९९०मध्ये अमर्त्य सेन यांनी हाच प्रश्न जगाच्या पातळीवर मांडला आणि आशिया व उत्तर आफ्रिकेत दहा कोटींहून अधिक स्त्रिया ‘बेपत्ता’ असल्याचे दाखवले. त्यानंतर चर्चा बहुतेक गर्भलिंगनिदानाभोवती फिरत राहिली. २०१०मध्ये सिवान अँडरसन आणि देबराज राय या अर्थशास्त्रज्ञांनी वयानुसार आकडे लावले, तेव्हा भारतातल्या बेपत्ता स्त्रियांचा मोठा हिस्सा प्रौढ वयातला निघाला. गर्भातच मारलेल्या मुलीची निदान बातमी तरी होते. चाळिशीतली बाई वेळेवर डॉक्टरकडे न नेल्यामुळे जाते, तेव्हा ‘तिचं आयुष्यच तेवढं होतं’ एवढ्यावर विषय संपतो.

आरोग्य आणि सुबत्ता यांचे नाते मोजण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न सॅम्युअल प्रेस्टन यांचा. १९७५मध्ये त्यांनी अनेक देशांचे दरडोई उत्पन्न आणि आयुर्मान एकाच आलेखावर मांडले. गरीब देशांच्या टोकाला रेघ झपाट्याने वर चढते आणि श्रीमंत देशांकडे सरकताना सपाट होत जाते. गरिबाच्या घरात आलेले पहिले शंभर रुपये जेवढे आयुष्य वाढवतात, तेवढे श्रीमंताच्या घरातले दहा हजारही वाढवत नाहीत. प्रेस्टन यांचे दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे होते. तीच रेघ दर काही दशकांनी सगळीच्या सगळी वर सरकत होती. तेवढ्याच उत्पन्नात लोक आता पूर्वीपेक्षा जास्त जगत होते. लस, स्वच्छ पाणी, साबण, डासांचा बंदोबस्त, जंतूंविषयीचे ज्ञान ही त्यामागची कारणे होती. आयुर्मानातल्या वाढीचा मोठा वाटा उत्पन्नाच्या पदरात घालता येत नाही, असा त्याचा अर्थ.

प्रेस्टन यांच्या रेघेत माणूस एकच असतो, त्याला लिंग नसते. स्त्री आणि पुरुष वेगळे काढले की चित्र गुंतागुंतीचे होते. अगदी गरीब समाजात दोघेही लवकर मरतात आणि बाळंतपणामुळे स्त्रीची नैसर्गिक आघाडी पुसली जाते, म्हणून अंतर कमी असते. पैसा आणि दवाखाने येऊ लागले की आधी बाळंतपणातले मृत्यू घटतात. त्याच सुमारास पुरुषांच्या हातात सिगारेट, दारू आणि गाडी येते. अंतर रुंदावते. समाज आणखी सधन झाला, पुरुषांनी तंबाखू सोडली आणि हृदयविकारावर उपचार मिळू लागले की ते पुन्हा आवळते. यात अपवाद पुष्कळ आहेत. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर रशियात पुरुषांचे आयुर्मान १९९४पर्यंत ५८ वर्षांच्याही खाली घसरले आणि स्त्री-पुरुषांतले अंतर तेरा वर्षांपर्यंत गेले. त्याला दारूचा मोठा हातभार होता. तिथल्या बायका काही फार सुखात होत्या असे नाही, त्या फक्त कमी प्यायच्या.

म्हणून ‘अंतर मिटले’ किंवा ‘बायका पुढे गेल्या’ एवढ्यावरून काही ठरत नाही. आयुर्मानाचा आकडा किती वर्षे जगलात ते सांगतो, त्यातली किती वर्षे धड गेली ते सांगत नाही. बायका जास्त जगतात पण जास्त आजारी असतात, हे जगभर दिसते. ते दुखणे उपचाराविना सोसत राहण्याला मराठीत ‘अंगावर काढणे’ असा नेमका शब्दच आहे.

मुकुंदवाडीचा फलाट

मुकुंदवाडी हे एकेकाळचे गाव आज छत्रपती संभाजीनगर शहराच्या पोटात आहे. एका अंगाला जालना रोड, दुसऱ्या अंगाला मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्ग, पश्चिमेला आणि उत्तरेला सिडकोच्या आखीव वसाहती, पूर्वेला चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आणि विमानतळ. कारखान्यांच्या आशेने जालना, बीड, परभणीकडून आलेली कुटुंबे या पट्ट्यात स्थिरावली. घरातला पुरुष कंपनीत किंवा बांधकामावर, बाई सिडकोतल्या घरांत धुणीभांडी करायला, अशी अनेक घरांची वाटणी. शहराची भरभराट डोळ्यांनी पाहायची असेल तर हा रस्ता पुरेसा आहे.

२०१८च्या पावसाळ्याने मराठवाड्याला दगा दिला आणि २०१९चा पावसाळाही लांबला. त्या वर्षी मुकुंदवाडीच्या रेल्वे स्थानकावरचे एक दृश्य जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले. नळ नसलेल्या घरांतली आठ-दहा वर्षांची मुले-मुली रिकाम्या कळशा आणि कॅन घेऊन पॅसेंजर गाडीत चढत, सात किलोमीटरवरच्या मुख्य स्थानकावर उतरत, तिथल्या नळावर धावत जाऊन भांडी भरत आणि परतीच्या गाडीने घरी येत. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. गाडीला उशीर झाला की फलाटावर बसून राहायचे. डब्यात चढताना भरलेली कळशी आधी आत सरकवायची आणि मग आपण, कारण गाडी थांबते थोडाच वेळ. पंधरा लिटरची कळशी भरली की पंधरा किलोची होते, भांड्याचे वजन वेगळे. आठ वर्षांच्या मुलीचे स्वतःचे वजन वीस-बावीस किलो असते.

शहराला पाणी पैठणच्या जायकवाडीतून येते आणि तेही काही दिवसांआड. नळ असलेल्या घरांतही पाण्याची पाळी रात्री-अपरात्री आली तर उठायचे कोणी, हा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. पाण्याच्या पाळीच्या दिवशी धुण्याभांड्याच्या कामाला खाडा होतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाणी, सरपण आणि आजारी माणसाची उठबस यांत गेलेला वेळ मजुरीच्या हिशेबात दिसत नाही, पण अंगात मात्र दिसतो.

देशाच्या पातळीवर हा वेळ आता मोजला गेला आहे. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीची रोजची सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात असे निघाले. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. २०२४च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांनी आपली नऊ मिनिटे कमी केली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीत एक गंमत आहे. घरासाठी पाणी भरून आणणे हे तत्त्वतः उत्पादनात मोडते. त्याच पाण्याने स्वयंपाक करणे, मूल न्हाऊ घालणे, सासऱ्यांचे दुखणे काढणे हे मोडत नाही. टँकरवाल्याचे बिल मात्र पैन्‌पै हिशेबात येते.

रक्त आणि उत्पादन

स्त्री-पुरुषांच्या आरोग्यातले सर्वांत ठळक आणि सर्वांत दुर्लक्षित अंतर रक्ताचे आहे. २०१९ ते २१ दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. देशात आर्थिक उलाढालीत पहिल्या क्रमांकावर असलेल्या महाराष्ट्रात स्त्रियांचा आकडा ५४.२ टक्के होता. आधीच्या, २०१५-१६च्या पाहणीत तो ४८ टक्के होता. म्हणजे उत्पन्न वाढत असताना रक्त कमी झाले. बोटाला टोचून काढलेल्या थेंबावरची ही तपासणी पुरेशी अचूक नाही असा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. पण स्त्री आणि पुरुष दोघांचेही बोट त्याच सुईने टोचले होते, तेव्हा दोघांमधले अंतर त्या आक्षेपाने पुसले जात नाही.

कारणांत निसर्गाचा वाटा आहेच: दर महिन्याची पाळी, गर्भारपण, बाळंतपण, दूध पाजणे. बाकीचे ताटातले आहे. भाकरी, वरण, भाजी आधी पुरुष आणि मुले खातात. शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला तळाचे कालवण, ठेचा आणि सकाळची शिळी भाकरी उरते. वर बिनदुधाचा किंवा दुधाचा दोन-तीन वेळचा चहा, जो जेवणाच्या जोडीला घेतला की अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. चक्कर येते, पायऱ्या चढताना धाप लागते, हातापायाला मुंग्या येतात. याला आजार म्हणायची पद्धत नाही. ‘अशक्तपणा आहे’ म्हणतात, आणि अशक्तपणासाठी कोणी रजा देत नाही.

याचा उत्पादनावर काय परिणाम होतो, हे मोजलेले आहे. १९७९मध्ये श्रीलंकेतल्या चहामळ्यांतल्या मजूर स्त्रियांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना लोहाच्या गोळ्या दिल्या, काहींना तशाच दिसणाऱ्या निकामी गोळ्या. लोह मिळालेल्या बायकांनी चहाची पाने जास्त खुडली. तसाच प्रयोग जावा बेटावर रबराचा चीक काढणाऱ्या पुरुष मजुरांवरही झाला आणि तिथेही रक्त वाढले तशी कमाई वाढली. लोहाच्या गोळीचा खर्च नगण्य, उत्पन्नातली वाढ खणखणीत. तरीही रक्तक्षयाला अर्थव्यवस्थेचा प्रश्न मानण्याची सवय अर्थखात्यांना नाही. तो महिला आणि बालकल्याणाच्या रकान्यात जातो आणि तिथेच राहतो.

दवाखान्यापर्यंत पोचण्यातही हेच अंतर आहे. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये २०१६ साली झालेल्या सुमारे २४ लाख बाह्यरुग्ण भेटींचा हिशेब २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. दर १०० स्त्रियांमागे १६९ पुरुष तपासायला आले होते, आणि रुग्ण जितक्या लांबच्या राज्यातून येत होता तितके हे प्रमाण आणखी बिघडत होते. जवळ दवाखाना असेल तर बाई जाते. रेल्वेचे तिकीट, सोबत येणारा माणूस आणि बुडणारी मजुरी यांचा विचार करायची वेळ आली की तिचे दुखणे ‘बघू पुढच्या महिन्यात’वर जाते. संभाजीनगरातले शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ज्याला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो, ते मुकुंदवाडीपासून काही किलोमीटरवर आहे. जालन्याच्या एखाद्या तांड्यावरून ते एका दिवसाच्या मजुरीएवढे लांब असते.

कामगार विम्याची रचनाही या अंतरात भर घालते. १९४८च्या कायद्याने उभी राहिलेली ही योजना कारखान्यातल्या नोंदणीकृत कामगाराला, म्हणजे बहुधा पुरुषाला, विमा देते. बायकोला तो त्याची आश्रित म्हणून मिळतो. त्याची नोकरी गेली की तिचे कार्डही जाते. पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला स्वतःच्या कामावर हा विमा नाही.

कोयता

बीड जिल्ह्यात ‘एक कोयता’ म्हणजे एक हत्यार नव्हे, नवरा-बायकोची एक जोडी. ऊसतोडीचा सगळा व्यवहार या एककात चालतो. दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. त्याआधी मुकादमाने प्रत्येक कोयत्याला उचल दिलेली असते. फडात पहाटे अंधारातच काम सुरू होते. पुरुष ऊस तोडतो, बाई पाचट सोलते, मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि लवणाऱ्या फळीवरून ट्रकवर चढवते. राहायला पाचटाची कोपी. पाणी, मोरी, आडोसा यांची सोय जिथे असेल तिथे नशीब. दोघांतला एक जण कामावर आला नाही की खाडा लागतो आणि खाड्याची रक्कम उचलीत चढते.

पाळीचे चार दिवस, गर्भारपण, अंगावरून जाणे, कंबर धरणे यांना या हिशेबात जागा नाही. यातूनच २०१९मध्ये बीडची बातमी देशभर गेली: ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात होत्या. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली, तीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे जवळजवळ सतरा टक्के. देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. पोटात दुखते म्हणून गेलेल्या बाईला ‘पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल’ असे सांगितले जायचे. तिलाही कटकट कायमची मिटवायची असायची. ऑपरेशनच्या खर्चासाठी पुन्हा मुकादमाकडूनच उचल. तिशीत अंडाशयांसह पिशवी गेली की हाडे लवकर झिजतात, हृदयाचे संरक्षण जाते. ते दुखणे पुढच्या वीस वर्षांत हप्त्याहप्त्याने वसूल होते. साखरेच्या भावात हा खर्च कुठेही धरलेला नसतो.

हे एका जिल्ह्याचे किंवा एका धंद्याचे वेगळेपण आहे असे मानायला जागा नाही. १९८९च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा निबंध आला. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तक्रारीची वाट न पाहता तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. सरासरी एका बाईमागे ३.६. त्याआधी अशी तपासणी आयुष्यात झालेल्या बायका होत्या आठ टक्के. जगातल्या आरोग्ययंत्रणा तोवर स्त्रीच्या आरोग्याचा विचार बाळंतपण आणि कुटुंबनियोजन या दोनच दारांतून करत होत्या. त्या दोन दारांत यशही मोठे आले: महाराष्ट्रात २००१-०३मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत, २०१८-२०मध्ये ३३. पण बाळंत न होणारी, नसबंदी झालेली, पस्तिशीपुढची बाई या यंत्रणेला दिसेनाशी होते.

सधन तालुके, कमी मुली

सुबत्ता आली की मुलींना चांगले दिवस येतात, या समजुतीला महाराष्ट्राच्या जनगणनेने सर्वांत कठोर उत्तर दिले आहे. २००१मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे कोल्हापूर जिल्ह्यात ८३९ मुली होत्या, सांगलीत ८५१. ऊस, दूध, सहकारी बँका, द्राक्षे असा हा संपन्न पट्टा. त्याच वर्षी गडचिरोलीत हा आकडा ९६६ होता आणि नंदुरबारमध्ये ९६१. दोन्ही आदिवासीबहुल, दोन्ही राज्याच्या शेपटाला. २०११मध्ये कोल्हापूर-सांगली किंचित सावरले, पण लोण मराठवाड्यात उतरले होते: औरंगाबाद (आताचा छत्रपती संभाजीनगर) जिल्हा ८५८, बीड ८०७. बीड काही श्रीमंत जिल्हा नाही. म्हणजे हे श्रीमंतीचे पाप असे सरसकट म्हणता येणार नाही. सोनोग्राफीचे यंत्र, त्याचा परवडणारा दर आणि लहान कुटुंबाची हौस या तिन्ही गोष्टी जिथे एकदम पोचल्या तिथे मुली घटल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे १९८८मध्ये देशातले पहिले राज्य होते, हेही याच शेजारी नोंदवायला हवे.

पैसा घरात आला म्हणजे घरातल्या प्रत्येकाकडे गेला असे होत नाही. तो कोणाच्या हातातून खर्च होतो, यावर त्याचे आरोग्यात रूपांतर होणे अवलंबून असते. केरळने तुलनेने कमी उत्पन्नात स्त्रियांचे आयुर्मान खूप आधी वर नेले, त्यात मुलींच्या शिक्षणाचा आणि गावागावातल्या दवाखान्यांचा वाटा मोठा होता.

पुरुषांचे लवकर जाणे

नाण्याची दुसरी बाजू पुरुषांची, आणि ती सुबत्तेच्या दृष्टीने तेवढीच महाग आहे. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातले ३३.८ टक्के पुरुष तंबाखू वापरणारे निघाले, स्त्रिया १०.९ टक्के. (ग्रामीण बायकांची मिशरी यात येते, दात घासण्याच्या नावाखाली ती दिवसातून चार वेळा लागते.) दारू पिणाऱ्यांत पुरुष १३.९ टक्के, स्त्रिया अर्ध्या टक्क्याहून कमी. देशात २०२२मध्ये १ लाख ७० हजारांहून अधिक आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांत दहातले सात पुरुष. रस्ते अपघातातल्या मृतांत पुरुषांचा वाटा याहूनही मोठा. ‘पुरुषाने रडायचे नसते’ आणि ‘बाईने बोलायचे नसते’ या दोन शिकवणींपैकी पहिलीचा खर्च एकरकमी होतो, दुसरीचा हप्त्याहप्त्याने.

पस्तिशी-चाळिशीतला कर्ता पुरुष गेला की कुटुंबाचे उत्पन्न एका दिवसात कोसळते. मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांत कर्ज मागे राहते आणि सातबाऱ्यावर नाव लावून घेण्यासाठी तलाठ्याकडे खेपा घालणारी विधवा. मुलीचे लग्न लवकर उरकले जाते. मुलगा शाळा सोडून कामाला लागतो. पुरुषाच्या आरोग्याची किंमत अशी घरातल्या बायका-मुलांच्या आरोग्यातून वळती होते. स्त्री-पुरुषांचे आरोग्य ही दोन वेगळी खाती नाहीत.

पुढच्या पिढीचे वजन

ही दोन खाती वेगळी नसल्याचा सर्वांत सूक्ष्म पुरावा पुण्याजवळच्या सहा खेड्यांतून आला. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून तिथल्या स्त्रियांची गर्भारपणाआधीपासून नोंद ठेवली. आया सरासरी पाच फूट उंचीच्या आणि बेचाळीस किलोंच्या आसपास. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचे साडेतीन. बाळ लहान होते, पण त्याच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. रोडावले होते ते स्नायू. ‘बारीक पण चरबीदार’ असे हे भारतीय बाळ पुढे मधुमेहाकडे झुकते. गर्भारपणात पालेभाज्या, फळे, दूध पोटात गेलेल्या आयांची बाळे मोठी होती. आणि जास्त अंगमेहनत करणाऱ्या आयांची बाळे लहान होती. त्या मेहनतीत शेतीकाम होते, धुणे होते आणि पाणी भरणे होते. मुकुंदवाडीच्या फलाटावरची कळशी अशी तीस वर्षांनी एखाद्या कामगाराच्या साखरेच्या तपासणीत उतरते, आणि तो कामगार मुलगाही असू शकतो.

२०२४च्या जानेवारीत जागतिक आर्थिक मंचाने मॅकिन्सी या सल्लागार संस्थेबरोबर एक अहवाल काढला. स्त्रिया आयुष्यातला आजारपणाचा काळ पुरुषांपेक्षा पंचवीस टक्के जास्त काढतात आणि ही दरी बुजवली तर २०४०पर्यंत जगाच्या उत्पन्नात दरसाल एक लाख कोटी डॉलरची भर पडेल, असा त्याचा अंदाज. असले आकडे अंदाजावर अंदाज रचून काढलेले असतात, ते जरा जपूनच घ्यावेत. शिवाय बाई बरी व्हावी ती उत्पन्न वाढावे म्हणून, हा युक्तिवाद एका मर्यादेपलीकडे ओंगळ आहे. मात्र उपचार स्वस्त असताना ते न देणे हे गरिबीमुळे घडते, हा बचाव त्यातून निकालात निघतो.

त्या बचावाचे उत्तर मराठवाड्यातच तयार झालेले आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा गरीब घरातल्या, लवकर लग्न झालेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या बाईला गाठणारा रोग. तो व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि त्या काळात वेळीच सापडला तर जवळजवळ नेहमी टाळता येतो. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांना घेऊन एक चाचणी केली. गावांचे गट पाडून कोणाची विषाणूचाचणी, कोणाची पेशींची तपासणी, कोणाची साधी डोळ्यांनी तपासणी आणि एक गट नेहमीच्या सोयींवर. २००९च्या एप्रिलमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: आयुष्यात एकदाच विषाणूचाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. मुंबईच्या झोपडवस्त्यांत झालेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या व्हिनेगरच्या द्रावणाने केलेल्या तपासणीतूनही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

उस्मानाबादचा निष्कर्ष जगभरच्या वैद्यकीय मार्गदर्शनात गेला. त्यानंतर दहा वर्षांनी झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रिया १.९ टक्के होत्या.